३५, ४०, ७५ : पास-नापासाचा आपला इतिहास

पास आणि नापास हे दोन शब्द इंग्रजांच्या शाळेबरोबर आले. आपल्या वस्तीत ते असे रुतले की शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा विचारते, "पोरगं पास झालं का रं?" शिरूर घ्या नाहीतर दौंड घ्या, निकालाच्या दिवशी चित्र एकच. पास झालेल्याच्या घरी पेढा. नापासाच्या घरी बाप म्हणतो, "झालं तेवढं बास. उद्यापासून चल कामाला." एका आकड्यावर एका माणसाचं आयुष्य इकडं किंवा तिकडं पडतं. तो आकडा कुणी ठरवला, कधी ठरवला, कुणाला डोळ्यांपुढं ठेवून ठरवला, हे कुणी विचारत नाही. आकडा आभाळातून पडला असं आपण धरून चालतो. जातही आभाळातून पडली असंच आपल्याला पिढ्यान् पिढ्या सांगितलं होतं.

मी सूतगिरणीत पाळीवर जाणारा माणूस. कॉलेजच्या बाकावर बसून शिकलो नाही. मिळेल ते पुस्तक, मिळेल तो कागद वाचत गेलो. माझं म्हणणं थोडक्यात असं : पासाची रेघ, टर्म भरण्याची अट, एटीकेटी, क्लास, ग्रेड ही डोक्याची मापं म्हणून आपल्यापुढं ठेवली जातात. ती खरी दारं आहेत. दार माणूस बांधतो. ते रुंद करायचं की अरुंद, हेही माणूसच ठरवतो. आणि हे आपल्या माणसांनी फार आधी ओळखलं होतं. त्यांनी परीक्षा दिली, आणि परीक्षेलाही प्रश्न विचारले. हा इतिहास आपल्या पोरांना ठाऊक पाहिजे.

सुरुवात आपल्या तालुक्यापासूनच करू. शिरूर ही इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहूनच निघाली आणि १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला पेशव्याच्या फौजेशी लढली. कोरेगाव भीमा आजही शिरूर तालुक्यात आहे. विजयस्तंभ नदीच्या अलीकडं पेरण्याच्या हद्दीत, हवेली तालुक्यात. त्या स्तंभावरची '-नाक' अशी संपणारी नावं कुणाची, हे तुम्हाला सांगायला नको. पण लढाईपेक्षा आज मला दुसरं सांगायचंय. पलटणीत शिरलेल्या आपल्या माणसाला बंदुकीबरोबर अक्षरं मिळाली. पलटणीला शाळा होत्या. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ अशाच शाळेत १४ वर्षं मुख्याध्यापक होते. गावात ज्याला चावडीच्या पायरीवर बसता येत नव्हतं, तो पलटणीच्या शाळेत मास्तर होता. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली आणि नोकरीबरोबर शाळेची ही वाटही बुजली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीसाठी अर्जावर अर्ज केले. त्या अर्जांत पोटाची भूक होती तशी अक्षराचीही होती.

शिरूरला दुसरी वाट मिशनची. अमेरिकन मराठी मिशनचं तिथं ठाणं होतं. रेव्हरंड विन्सर यांनी तिथं धंदेशिक्षणाची शाळा उभी केली, सर डी. एम. पेटिट यांच्या नावाची. त्याच मिशनच्या 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत ती उणीपुरी तीन वर्षं शिकली होती. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिनं जे विचारलं, त्याला मार्क द्यायला कुठलं विद्यापीठ तेव्हा जन्माला आलं नव्हतं. फुल्यांच्या शाळांची परीक्षा तेव्हा लोकांसमोर उघड्यावर होई. पोरी उत्तरं देत आणि पुण्यातले लोक गर्दी करून ऐकत. परीक्षेचा तो एक प्रकार होता. त्यात लोकांना हे दिसायचं की ज्यांना डोकंच नाही असं धर्म सांगतो, त्यांना डोकं आहे.

मग दुसऱ्या प्रकारची परीक्षा आली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. १८६२ साली पहिले बी.ए. झाले चौघे : रानडे, भांडारकर, मोडक, वागळे. हुशार माणसं होती, त्यांच्या हुशारीविषयी तक्रार नाही. पण चौघेही ब्राह्मण-सारस्वत घरातले. आणि आपलं पोरगं त्या वेळी कुठं होतं? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. त्यानं मुंबई सरकारकडं अर्ज केला. सरकारचं उत्तर वाचण्यासारखं आहे. न्याय तुझ्या बाजूला आहे हे कबूल, पण शतकानुशतकांचा पूर्वग्रह एका मुलासाठी मोडता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे रानडे मॅट्रिकला बसण्याच्या तीन वर्षं आधी आपल्या पोराला वर्गातच बसू दिलं नव्हतं. तो नापास झाला नाही. त्याला पेपरच मिळाला नाही. आपल्या शिक्षणाचा पहिला निकाल हा असा.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जेव्हा दारात 'तू महार आहेस' असं सरळ सांगता येत होतं, तेव्हा मार्कांची फारशी गरज नव्हती. ते सरळ सांगणं जसजसं अवघड होत गेलं, तसतसं आकड्याचं काम वाढत गेलं. जात हळूहळू तोंडातून कागदावर आली.

हे सगळ्यांत आधी कळलं जोतीरावांना. १८८२ साली हंटर कमिशनपुढं त्यांनी निवेदन दिलं. शेतकरी-शूद्रांच्या घामातून सारा गोळा होतो आणि त्यातून वरच्या जातींचं उच्च शिक्षण चालतं, हे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं. निवेदनाचा हा भाग आपल्या भाषणांत नेहमी येतो. पण त्यात आणखी दोन मुद्दे आहेत, ते कुणी फारसे सांगत नाही.

पहिला मुद्दा निकालाचा. त्या काळात शाळेला अनुदान देताना इन्स्पेक्टर परीक्षा घेई आणि जितकी पोरं पास तितका पैसा, अशी पद्धत होती. जोतीराव म्हणाले, ही पद्धत गरीब आणि अडाणी ठेवलेल्या लोकांत शिक्षण पसरवायला लायक नाही. कारण उघड आहे. ज्या पोराच्या घरी दिवा नाही, ज्याला गुरांमागं जावं लागतं, ते पोरगं मास्तरला परवडत नाही. निकालावर पैसा लावला की मास्तर आधी अवघड पोराला गाळतो. गिरणीत मालावर दर लावला की जॉबर आधी म्हाताऱ्याला आणि बाळंतिणीला काढतो, तसंच. महार-मांगांच्या शाळांना वेगळी, जास्त मदत द्या, असं जोतीरावांचं म्हणणं होतं.

दुसरा मुद्दा माझ्या जास्त जिव्हाळ्याचा. जोतीरावांनी मागणी केली की घरी, खासगी अभ्यास करणाऱ्यालाही विद्यापीठानं परीक्षेला बसू द्यावं. खासगी अभ्यास बी.ए., एम.ए.च्या पदवीसाठी मान्य झाला तर पुष्कळ तरुण आपापल्या घरी अभ्यास करतील आणि विद्या पसरेल, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे काय, तर पदवीसाठी माणसाचं ज्ञान तपासा, त्याची वर्गातली हजेरी तपासू नका. ज्याला पोटासाठी दिवसभर राबायचंय, त्याचं दार हजेरीच्या कुलपानं बंद करू नका. १८८२ साली हे लिहिणारा माणूस स्वतः कॉलेजात गेलेला नव्हता. म्हणूनच त्याला ते कुलूप दिसलं.

जोतीरावांची ही मागणी पुरी व्हायला किती वर्षं गेली बघा. पुढं विद्यापीठांनी बहिःस्थ विद्यार्थी घ्यायला सुरुवात केली, पुणे विद्यापीठानंही केली. पण हजेरीच्या अटीशिवाय काम करत शिकणाऱ्यासाठीच काढलेलं मुक्त विद्यापीठ महाराष्ट्रात निघालं १९८९ साली, नाशिकला, यशवंतराव चव्हाणांच्या नावानं. बारावी न झालेल्यासाठी त्यांनी पूर्वतयारीचा अभ्यासक्रमही ठेवला. १८८२ ते १९८९. १०७ वर्षं. चार पिढ्या गेटबाहेर उभ्या राहिल्या.

आता १९२७ कडं या. हे साल आपल्याला महाडमुळं ठाऊक आहे. पण त्या एका सालात बाबासाहेबांनी किती आघाड्या उघडल्या ते एका ओळीत मांडून बघा. १ जानेवारीला ते कोरेगावच्या स्तंभाला आले. मार्चमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. २० मार्चला चवदार तळं. डिसेंबरात मनुस्मृतीचं दहन. आणि याच वर्षात, तळं आणि दहन यांच्यामध्ये, कौन्सिलात मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवरचं भाषण.

मार्चच्या भाषणात त्यांनी सरकारच्याच अहवालातला आकडा सभागृहापुढं ठेवला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. मग त्यांच्यावरचा खर्च गेला कुठं? हा हिशोब गिरणीतल्या माणसाला लगेच कळतो. १०० कोकड्यांतल्या ८२ वाया जात असतील तर कुणी कापसाला दोष देत नाही. साचा तपासतात.

विद्यापीठावरच्या भाषणात ते आणखी पुढं गेले. परीक्षा आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांनी सांगितलं. शिक्षणाचा दर्जा वाढवतो म्हणून विद्यापीठ परीक्षा इतकी कडक करून ठेवतं की मागासलेल्या जाती, ज्यांनी विद्यापीठाचा उंबरठा आजवर ओलांडला नाही, त्या बाहेरच राहतात, असा त्यांचा रोख होता. विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गीयांचे प्रतिनिधी पाहिजेत, ही मागणीही त्यांनी केली.

हे कुणी म्हटलं ते बघा. हे म्हणणारा माणूस परीक्षेला भ्यालेला नव्हता. कोलंबियाची पीएच.डी., लंडनची डी.एस्सी., बॅरिस्टर. त्या कौन्सिलात त्याच्याइतक्या परीक्षा दिलेले किती जण होते? ज्यानं सगळी दारं ओलांडली, त्यानंच मागं वळून सांगितलं की दार वाकडं आहे. आपल्यातला एखादा पुढं गेला की बहुतेक वेळा उलट घडतं. तो म्हणतो, "मी झालो ना पास, मग बाकीच्यांना काय धाड भरली?" बाबासाहेबांनी हे वाक्य उच्चारलं नाही. त्यांचं मोठेपण मला इथं दिसतं.

आता त्यांच्या स्वतःच्या मार्कांकडं येऊ. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. मार्क ७५० पैकी २८२. भागाकार करा. ३७.६ टक्के. वस्तीत सभा झाली, सी. के. बोले अध्यक्ष, आणि केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. आज एखाद्याच्या दारात ३७ टक्क्यांचं मार्कशीट आलं तर शेजारी सांत्वनाला येतात. त्या वेळी सभा भरली, कारण त्या २८२ मार्कांत काय काय होतं हे लोकांना ठाऊक होतं. परळच्या चाळीतली एक खोली होती. वर्गात वेगळं बसणं होतं. संस्कृत शिकायचं होतं, पण मास्तरनं अस्पृश्याला शिकवायला नकार दिला म्हणून नाइलाजानं फारसी घेतली, हे होतं. हे सगळं कुठल्याही मार्कशीटवर छापलं जात नाही. मार्कशीटवर फक्त २८२ छापतात.

पुढचं आपल्याला पाठ आहे. सयाजीरावांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती, बी.ए., १९१३ ला अमेरिका, १९१५ ला एम.ए. लंडनला डी.एस्सी.चा रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी परत पाठवला, पुन्हा लिहून आण म्हणाले. हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्यावरची टीका त्यांना टोचली होती. बाबासाहेबांनी निष्कर्ष न बदलता तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली पदवी घेतली. म्हणजे आजच्या पोरांच्या भाषेत बाबासाहेबांचाही एकदा विषय राहिला होता. पण त्यांना पुन्हा येण्याची वाट खुली होती. माझा सगळा मुद्दा या वाटेवर आहे. माणूस पडतोच. पडल्यावर पुन्हा उठायला दार उघडं ठेवलंय की नाही, यावरून व्यवस्था ओळखावी.

बाबासाहेबांच्या हाती जेव्हा संस्था काढणं आलं, तेव्हा त्यांनी दार कसं बांधलं तेही बघा. १९४४ साली, ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरखातं सांभाळत असताना, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं, आणि ते सकाळच्या वेळी भरायचं, म्हणजे कारकून, कामगार वर्ग आटोपून कामावर जाऊ शकेल. १९५० साली औरंगाबादला मिलिंद. नागसेनवनात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली पोरं आली. तिथून पुढं केवढं साहित्य उभं राहिलं, हे या अंकाच्या वाचकाला मी काय सांगू! दर्जा खाली आणून हे झालं नाही. वर्गाची वेळ बदलली, वसतिगृह दिलं, फीची सोय केली. दार रुंद केलं आणि आत अभ्यास तेवढाच कडक ठेवला.

पुणे विद्यापीठ १९४९ सालचं. आधी पोराला शिकायचं तर पुणं किंवा नगर गाठावं लागे. दौंड तर १८७८ ला मनमाडची लाइन सुरू झाल्यापासून मोठं जंक्शन. कॉलेजला जायला गाडी होती, पण गाडीत बसायला पैसा नव्हता. रुळावर गँगमन म्हणून राबणारा बाप दुसऱ्यांच्या पोरांना पुण्याला नेणारी गाडी रोज बघायचा. पुढं शिरूरला, दौंडला कॉलेजं आली. पहिल्यांदाच आपल्या वस्तीतली पोरगी पायी चालत कॉलेजात जाऊ शकली. ही फार मोठी गोष्ट झाली, ती मान्य केली पाहिजे.

पण आत गेल्यावर काय? आत तिसरं दार आहे. त्याचं नाव टर्म.

पासाची रेघ शाळेत ३५, विद्यापीठात बहुतेक ठिकाणी ४०. ती सगळ्यांना सारखीच. आरक्षणावर तोंड सोडणाऱ्यांना हे सांगा. प्रवेशाला सवलत असेल, पण पेपर तोच, तपासणारा तोच, पास होण्याची रेघ तीच. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, जात नसते. परीक्षेचा हा एक गुण मी मानतो. आपल्या कितीतरी पोरांना वर्गानं हिणवलं आणि पेपरानं न्याय दिला. म्हणून 'परीक्षाच बंद करा' असं मी म्हणत नाही. तोंडी परीक्षेत, अंतर्गत मार्कांत, जिथं तोंड बघून आकडा पडतो तिथं काय होतं, हे ज्याचं त्याला ठाऊक. दिल्लीच्या एम्समध्ये काय चालतं ते सुखदेव थोरात समितीनं २००७ साली लिहून ठेवलंय.

तर टर्म. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी पाहिजे. नाही भरली तर टर्म ग्रँट होत नाही, पेपरला बसता येत नाही. मग एटीकेटी. लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण पोरं म्हणतात 'केटी लागली'. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देतात, ही सवलत चांगलीच. पण साधारण नियम असा की पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला जाता येत नाही. तिथं ज्याचं अडतं, त्याला म्हणतात 'वायडी लागली', 'वर्ष ड्रॉप गेलं'. हे ड्रॉप प्रत्येक घरात सारखं पडत नाही. ज्याच्या बापाची शेती आहे, दुकान आहे, तो पोरगा वर्षभर घरी बसून राहिलेले दोन विषय काढतो. आपल्या पोराचं वर्ष गेलं की त्याबरोबर शिष्यवृत्तीही अडते. शिष्यवृत्तीच्या नियमाचा गाभा असा की एकदा नापास झाला तर चालतं, पुन्हा झाला तर वरच्या वर्गात जाईपर्यंत खर्च त्याचा त्यानं बघावा. म्हणजे ज्या वेळी हात द्यायचा, त्याच वेळी हात काढून घ्यायचा.

मग तो पोरगा जातो कुठं? शिरूर तालुक्यातला रांजणगाव एमआयडीसीत, दौंडचा कुरकुंभला. कंत्राटदाराकडं. तिथंही हजेरीच. कामगार कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले की सलग नोकरी मानतात. म्हणून काय करतात, तर २४० भरायच्या आधी ब्रेक देतात. बदली कामगाराला हे सांगावं लागत नाही. गिरणीत मस्टरवर दिवस भरू देत नाहीत म्हणून तो कायम होत नाही. आणि पोटासाठी गिरणीत जावं लागतं म्हणून कॉलेजात त्याचे ७५ टक्के भरत नाहीत. दोन्ही मस्टरवर खाडा त्याचाच. रात्रपाळी करून सकाळी वर्गात डोळा लागलेल्या पोराला सर विचारतात, "शिकायचंय की झोपायचंय?" त्याला दोन्ही करायचं असतं. आमच्या खात्यातल्या एकाचं तर भलतंच. तो पास झाला, सगळे विषय सुटले, पण फ्रीशिपचे पैसे सरकारकडून आले नाहीत म्हणून कॉलेजनं मार्कशीटच अडवून धरलं. कॉलेजचं नाव घेत नाही. एकाचं घेऊन काय उपयोग?

आता नवा जमाना आला, असं सांगतात. मार्क गेले, ग्रेड आली. ओ, ए प्लस, ए, बी प्लस, खाली पी आणि एफ. क्रेडिट आली, सीजीपीए आला. नवं शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झालं. त्यात एक वर्ष शिकून सुटला तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. पुन्हा येऊन उरलेलं पुरं करता येईल म्हणतात. ऐकायला गोड आहे, आणि परत येण्याची वाट खरंच खुली राहिली तर मी तिचं स्वागत करीन. पण एक विचारतो. पहिल्या वर्षी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडणार कोण, आणि चौथ्या वर्षी ऑनर्स करणार कोण? ज्याला आपण काल 'नापास होऊन शाळा सुटली' म्हणत होतो, त्याला उद्या 'सर्टिफिकेटधारक' म्हटलं तर त्याचं पोट भरणार आहे का? १०० तल्या ८२ जणांच्या हातात कागद दिला म्हणून गळती थांबत नाही.

आणि चौथ्या वर्षी संशोधनाचा ऑनर्स करायचा तर विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली अट घातली : पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के. चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएच.डी.ला जायचं तर ७५, त्यात आरक्षित प्रवर्गाला ५ टक्क्यांची सूट. हजेरीचे ७५ तर होतेच, आता संशोधनाचेही ७५. ३७.६ टक्क्यांच्या पोरात काय दडलंय, हे १९०७ साली केळुसकर गुरुजींना दिसलं होतं. आपल्या नियमाला ते दिसेल का?

कुणी म्हणेल, रेघ पाहिजेच, नाहीतर गुणवत्तेचं काय होणार? तर रेघ किती पक्की असते त्याचा एक दाखला. वैद्यकीय शिक्षणात खुल्या प्रवर्गाला ५० आणि आपल्याला ४० असा फरक होता, तेव्हा ४० टक्क्यांचा डॉक्टर पेशंट मारील म्हणून किती वर्षं बोंब चालली होती. १९९९ साली सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की पदव्युत्तर प्रवेशाला दोन रेघांत फार अंतर ठेवता येणार नाही. आणि मग २०२३ साली पदव्युत्तर वैद्यकीय जागा रिकाम्या राहायला लागल्यावर केंद्र सरकारनं पात्रतेची रेघ कुठवर आणली? शून्य पर्सेंटाइलवर. सगळ्या प्रवर्गांना. शून्य! त्या वेळी गुणवत्तेवाल्यांचे मोर्चे माझ्या पाहण्यात आले नाहीत. म्हणजे रेघ हलते. जागा रिकाम्या राहायला लागल्या की हलते. आपण मागितली की तेवढी धर्मशास्त्रासारखी अढळ होते.

दोस्तांनो, आपल्याला फुकट पास नकोय. फुकट पास होणं हा आपला अपमान आहे, आणि तो घाव आपल्याच पुढच्या पोरावर पडेल. आपली मागणी जोतीराव आणि बाबासाहेब यांचीच, जुनी. काम करणाऱ्याला हजेरीच्या कुलपात अडकवू नका. पडलेल्याची शिष्यवृत्ती पडल्याबरोबर काढू नका. फ्रीशिपच्या पैशासाठी मार्कशीट अडवू नका. आणि नियम ठरतात त्या टेबलावर आपला माणूस बसवा. २०१४ पासून पुण्याच्या विद्यापीठावर सावित्रीबाईंचं नाव आहे. दारावर तिचं नाव आहे, तर दाराची रुंदीही तिच्या शाळेएवढी असायला पाहिजे.

तोवर आपण एवढं करू. शिरूर-दौंडच्या वस्त्यांत जी पोरं कॉलेजात आहेत, त्यांनी आपल्या वर्गाचा नियमाचा कागद पहिल्याच आठवड्यात कार्यालयातून मागून घ्यावा : हजेरी किती, किती विषय राहिले तर चालतं, कुठल्या वर्षी अडतं, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी. आजारपण असेल, पाळी असेल तर टर्म संपायच्या आधी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं कुणी मानत नाही. मार्क कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची प्रत मागावी. आपली उत्तरपत्रिका बघणं हा माहिती अधिकारात आपला हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं २०११ साली सांगितलेलं आहे. आणि ज्या घरात पोरगं नापास झालं, त्या घरी निकालाच्या संध्याकाळी दोघा-तिघांनी जाऊन बसावं. बापाला सांगावं, अजून एक परीक्षा आहे, ऑक्टोबरात असेल नाहीतर मार्चमध्ये असेल, तोवर त्याला कंत्राटदाराकडं नेऊ नका. फॉर्मचे पैसे कमी पडत असतील तर आपण वर्गणी काढू.